सिबिलमधली चुकीची नोंद कशी काढायची: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

खरिपाच्या तोंडावर पीककर्जाची फाईल घेऊन शाखेत गेलं की साहेब सातबारा उघडण्याआधी संगणकाकडे बघतात आणि म्हणतात, "तुमचं सिबिल खराब आहे." एवढ्यावर उठून यायचं नाही. कोणत्या बँकेचं खातं, किती रक्कम आणि नोंद कसली, हे तीन प्रश्न तिथेच विचारायचे. 'सिबिल खराब' म्हणजे नुसता आकडा कमी असणं नव्हे. त्यामागे एखादी ठरावीक नोंद असते, आणि अर्ज त्या नोंदीविरुद्ध करायचा असतो.

झेरॉक्सचं झालं तसंच सिबिलचंही झालं आहे. कंपनीचं नाव त्या वस्तूचंच होऊन बसलं. प्रत्यक्षात कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवून त्याचा अहवाल आणि स्कोअर देणाऱ्या अशा चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी चौघींनाही माहिती द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. सगळी प्रक्रिया एका गोष्टीवर फिरते, ती आधी समजून घ्या: या कंपन्या स्वतःहून काही लिहीत नाहीत आणि स्वतःहून काही खोडतही नाहीत. बँक कळवते तेच त्या छापतात. त्यामुळे तक्रार कंपनीच्या वेबसाइटवर केली तरी दुरुस्तीचा निर्णय कर्ज देणाऱ्या बँकेकडेच जातो.

अर्ज कोण करू शकतं, आणि कशाबद्दल

ज्याच्या नावे अहवाल आहे तो अर्ज करू शकतो. कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदारही. जामीनदारांपैकी अनेकांना आपल्या अहवालात मित्राचं ट्रॅक्टरकर्ज दिसतं हेच माहीत नसतं. ते चूक म्हणून काढता येत नाही, कारण सही आपलीच असते. वडिलांचं पीककर्ज मात्र मुलाच्या अहवालात येत नाही, मुलानं सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर. तरीही आलं असेल तर ती तक्रार पक्की समजा.

अर्जाला फी नाही, बाँड पेपर लागत नाही, वकील लागत नाही. 'पंधरा दिवसांत सिबिल क्लीन करून देतो' म्हणणारा जे फॉर्म भरतो तेच तुम्हाला फुकट भरता येतात, आणि खरी थकबाकी त्यालाही पुसता येत नाही.

तक्रार चालते ती अशा नोंदींवर: कर्ज फिटलं तरी खातं चालू दिसतंय, एकच कर्ज दोनदा दिसतंय, थकबाकीचा आकडा चुकीचा आहे, कर्ज आपलं नाहीच, नाव-पॅन-जन्मतारीख चुकली आहे, किंवा आपण कर्जासाठी अर्ज न करताच एखाद्या बँकेनं आपला अहवाल मागवल्याची (चौकशीची) नोंद आहे. हप्ते खरोखर उशिरा गेले असतील तर ती नोंद बरोबर आहे. तिच्यावर अर्ज करून वेळ घालवू नका.

अहवाल मागवणं आणि वाचणं

प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवरचा ओटीपी देऊन तो मिळतो. कर्जाच्या ॲपवर दिसणारा नुसता आकडा या कामाचा नाही. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही.

एक खबरदारी. महा ई-सेवा केंद्रातून अर्ज भरत असाल तर ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच द्या. केंद्रचालकाचा ईमेल टाकला की पुढची सगळी उत्तरं त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात आणि तक्रारीच्या निकालाची तीस दिवसांची मुदत तुम्हाला न कळताच संपून जाते.

अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. चौकोनात '०००' असेल तर त्या महिन्यात काही थकलं नव्हतं. '०४२' म्हणजे हप्ता ४२ दिवस थकला होता. तीन इंग्रजी फुल्या म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेनं कळवलीच नाही. त्याला घाबरायचं कारण नाही. दिवसांच्या आकड्याऐवजी काही बँका 'स्टँडर्ड', 'सबस्टँडर्ड', 'डाउटफुल', 'लॉस' यांची तीन अक्षरं लिहितात. पहिलं चांगलं, बाकीची एकापेक्षा एक वाईट.

या चौकोनांपेक्षा जड पडतात ते खात्याच्या स्थितीचे शब्द. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फिटलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीत बँकेनं काही रक्कम सोडली. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेनं आपल्या वहीत ते बुडीत धरलं, पण तुमचं देणं संपलं नाही. लोक अदालतीची नोटीस येते, तालुक्याच्या कोर्टात आकडा ठरतो, रक्कम भरली जाते आणि माणूस समजतो की विषय संपला. अहवालात 'सेटल्ड' येतं आणि पुढचं कर्ज अडतं. ही नोंद खरी असल्यामुळे तक्रारीनं जात नाही. सोडलेली रक्कम भरून 'पूर्ण परतफेड' असं लिहिलेलं बेबाकी प्रमाणपत्र घेतलं, तरच बँक ती 'क्लोज्ड' करू शकते. तडजोडीवर सही करण्यापूर्वी अहवालात नेमका कोणता शब्द जाणार, हे लेखी विचारा.

मराठवाड्यात वारंवार सापडणाऱ्या चुका

पहिली चूक जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली '१ जून' ही तारीख गावात अर्ध्या लोकांची असते. कंपन्या नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन आणि मोबाइल जुळवून कर्ज कुणाचं ते ठरवतात. एकाच गावात एकाच आडनावाचे दोन ज्ञानेश्वर, दोघांची तारीख १ जून, पिनकोड एक, आणि जुन्या कर्जाला पॅन जोडलेलं नाही: एकाची थकबाकी दुसऱ्याच्या अहवालात जायला एवढं पुरतं. इथे तक्रारीत 'हे खातं माझं नाही' हा पर्याय निवडायचा. पुराव्यात आधार आणि पॅन तर द्याच, पण वडिलांचं पूर्ण नाव दाखवणारा कागद निर्णायक ठरतो.

दुसरी चूक विलीनीकरणातली. हैदराबाद स्टेट बँक १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत गेली. मराठवाडा ग्रामीण बँकेची पुढे महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि १ मे २०२५ ला तिच्यात विदर्भ-कोकण ग्रामीण बँकही एकत्र आली. जुन्या कर्जाचं पासबुक एका नावाचं, अहवालात बँक दुसऱ्याच नावाची, असं होतं. एकच कर्ज दोन नावांनी दिसत असेल तर मंजुरीची तारीख आणि मंजूर रक्कम ताडून बघा. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर बहुधा ते एकच खातं आहे, आणि 'दुबार नोंद' म्हणून तक्रार करायची.

तिसरी 'नवं-जुनं' केल्याची, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं उचलल्याची. पीककर्ज नवं-जुनं करताना शाखेनं नवा खातेक्रमांक दिला आणि जुना बंद केल्याचं कळवलंच नाही, तर जुनं खातं थकीत म्हणून चालत राहतं. पुरावा म्हणजे दोन्ही खात्यांचे उतारे. ज्या दिवशी नव्या खात्यातून जुन्यात रक्कम वळती झाली ती ओळ दोन्हीकडे अधोरेखित करा. पीककर्जाबद्दल आणखी एक. इतर कर्जं ९० दिवस थकली की एनपीए (बँकेच्या हिशेबात थकीत) होतात, पण सोयाबीन, तुरीसारख्या कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन हंगामांची मुदत असते. देय तारखेनंतर तीन महिन्यांतच 'सबस्टँडर्ड' लागलं असेल तर त्यावर बोट ठेवा. दुष्काळ किंवा अतिवृष्टीनंतर कर्जाचं पुनर्गठन झालं (हप्ते पुढे ढकलून नव्यानं बांधून दिले) असेल तर तसा शेरा दिसतो. तो चूक नाही, पण पुनर्गठनाच्या काळात थकीत दिवस मोजले असतील तर ती चूक आहे.

चौथी कर्जमाफीची. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत किंवा २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत खातं निरंक झालं, पण अहवालात अजून बाकी दिसते. आधार प्रमाणीकरणाची पावती आणि यादीतला विशिष्ट क्रमांक जपून ठेवला असेल तर काम सोपं होतं. पावती हरवली असेल तर शाखेकडून खात्याचा उतारा घ्या. योजनेची रक्कम जमा झाल्याची ओळ त्यात असते. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणजे अहवालही दुरुस्त झाला असं मात्र नाही. बोजा तलाठ्याकडून फेरफारानं उतरतो, अहवाल बँकेच्या कळवण्यानं. दोन्हीकडे वेगवेगळं जावं लागतं.

बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जांचं दुखणं वेगळं. ऊसतोडीला गेलेलं घर दिवाळीनंतर चार-पाच महिने गावात नसतं. हप्ता गटातल्या दुसऱ्या बाईकडे रोख दिला जातो आणि पावती कुणाच्याच हातात राहत नाही. मग '०३०', '०६०' असे चौकोन भरत जातात आणि पुरावा शून्य. मुकादमानं दिलेली उचल (आगाऊ रक्कम) अहवालात येत नाही, पण हे हप्ते येतात. म्हणून जाण्याआधी हप्त्याची वही स्वतःकडे ठेवा आणि ऑनलाइन भरता आला तर तसाच भरा. आपल्या आधारवर दुसरीनं पैसे उचलले असतील, तर 'कर्ज माझं नाही' ही तक्रार सहसा टिकत नाही. कागदावर अंगठा आणि फोटो आपलाच असतो.

जिल्ह्याचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर किंवा उस्मानाबादचं धाराशिव झालं म्हणून पत्ता दुरुस्तीच्या मागे लागू नका. त्याचा स्कोअरशी संबंध नाही.

अर्ज: आधी शाखा, मग कंपनी

नियमानं तुम्ही थेट कंपनीकडे जाऊ शकता. तरी आधी शाखेत लेखी अर्ज द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बँकेच्या संगणकात खातं चालू असताना कंपनीकडे तक्रार केली, तर कंपनी बँकेला विचारते, बँक 'माहिती बरोबर आहे' म्हणते आणि तक्रार बंद होते. अनेक तक्रारी इथेच मरतात.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरतो:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: क्रेडिट अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत. माझे कर्ज खाते क्र. … दि. … रोजी पूर्ण भरले आहे. सिबिलच्या दि. … च्या अहवालात (अहवालावरचा कंट्रोल नंबर …) या खात्यावर रु. … थकबाकी दिसते. खाते बंद व थकबाकी शून्य अशी दुरुस्त माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी व तसे मला लेखी कळवावे."

सोबत जोडायचं: पॅन आणि आधारची प्रत, अहवालातलं नेमकं तेवढं पान, बेबाकी प्रमाणपत्र किंवा भरणा पावती, खात्याचा उतारा, आणि असल्यास मंजुरीपत्र किंवा तडजोडीचं पत्र. बेबाकीवर खातेक्रमांक आहे ना, हे आधी बघा. 'यांच्याकडे बँकेचे काही येणे नाही' एवढंच मोघम लिहिलेलं प्रमाणपत्र ऑनलाइन तक्रारीत नाकारलं जातं. प्रमाणपत्रावरचा क्रमांक आणि अहवालातला क्रमांक वेगळे असतील तर दोन्ही क्रमांक एकाच कर्जाचे आहेत, असं शाखेकडून लिहून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मग कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून तक्रारीच्या भागात ते खातं उघडा, चुकीच्या रकान्यासमोर बरोबर माहिती भरा आणि कागद जोडा. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो वाचता येत नाही. स्कॅन करून टाका. आपला बँक खातेक्रमांक किंवा यूपीआय आयडीही द्या, त्याचं कारण खाली येतं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तीस दिवस आणि शंभर रुपये

बँकेकडे किंवा कंपनीकडे, जिथे तुम्ही पहिली तक्रार दिली त्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेचे. मुदत उलटली तर २६ एप्रिल २०२४ पासून लागू नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते: बँकेमुळे उशीर झाला तर बँकेकडून, कंपनीमुळे झाला तर कंपनीकडून. १ जूनला दिलेल्या तक्रारीची मुदत १ जुलैला संपते. निकाल १६ जुलैला लागला तर १५ दिवसांचे १,५०० रुपये झाले. निकालानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ते तुमच्या खात्यात यायला हवेत. त्यासाठीच खातेक्रमांक द्यायचा. मागणी नाकारली तर कारण कळवणं त्यांना बंधनकारक आहे. कारण वाचा, नवा कागद मिळवा, मगच पुन्हा अर्ज करा. तीच तक्रार तशीच पुन्हा टाकली तर उत्तरही तेच येतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८. क्रेडिट माहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. इथेही फी नाही. आधी बँकेला किंवा कंपनीला लेखी तक्रार दिल्याचा पुरावा नसेल तर ती परत जाते. आवक शिक्क्याची प्रत इथे कामाला येते. गावातल्या पतसंस्थेशी वाद असेल तर लोकपालाचा उपयोग नाही, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जावं लागतं.

दुरुस्ती मंजूर झाल्याचा ईमेल आला की तो छापून नव्या कर्जाच्या फाईलला लावा. बाकी तीन कंपन्यांचे फुकट अहवाल मागवून तिथेही बदल झाला का ते बघा. कंपन्या नोंदी किमान ७ वर्षं ठेवतात, म्हणून बेबाकी, उतारे आणि पोच तेवढी वर्षं तरी टाकू नका. भरणा पावत्या गुळगुळीत थर्मल कागदावर असतील तर आजच त्यांची झेरॉक्स काढा. वर्षा-दोन वर्षांत त्यावरची अक्षरं उडून जातात.