दिवसा बुटीबोरी, रात्री दिल्ली

देशातले जुने मीडियम वेव्ह (ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी लागते तो पट्टा) ट्रान्समीटर गेली काही वर्षं एकेक करून बंद होताहेत. तशी बातमी पेपरात आली की टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "मोबाईलवर अ‍ॅप आहे ना, मग एवढाले टॉवर पोसायचे कशाला?" खर्चाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न रास्त आहे. पण अ‍ॅप म्हणजे तोच रेडिओ, फक्त जरा सुधारलेला, हे जे त्यात गृहीत धरलेलं असतं ते साफ चूक. दोघांचं तंत्र एकमेकांच्या अगदी उलट आहे आणि ते समजून घ्यायला नागपूरइतकं सोयीचं गाव नाही.

वर्धा रोडने निघालं की बुटीबोरी लागतं. बहुतेकांना ते एमआयडीसीमुळे माहीत. तिथेच आकाशवाणीने 1000 किलोवॅटचा, म्हणजे तब्बल एक मेगावॅटचा ट्रान्समीटर उभारला आणि 1988 मध्ये त्यावरून राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, 1566 किलोहर्ट्झवर. शहराचं नेहमीचं 'अ' केंद्र 585 वर, 300 किलोवॅटचं. राष्ट्रीय वाहिनी संध्याकाळी सुरू व्हायची आणि पहाटे संपायची. रात्रपाळीवाल्यांची सोय म्हणून नव्हे. कारण आकाशात होतं.

साधारण 60 किलोमीटरच्या वर सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण विरळ हवेतल्या अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. हे आयनांबर, म्हणजेच आयनोस्फिअर. त्याचे थर आहेत: 60 ते 90 किलोमीटरवर 'डी', 100-120 च्या आसपास 'ई' आणि 200 च्या वर 'एफ'. मीडियम वेव्हला पुन्हा जमिनीकडे वळवण्याचं काम ई आणि एफ करतात. डी फक्त खातो.

कसा खातो, ते मला फार आवडतं. लहर आली की मोकळा इलेक्ट्रॉन तिच्या तालावर झुलू लागतो. 1566 किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 15 लाख 66 हजार झोके. त्याला निवांत झुलू दिलं तर घेतलेली ऊर्जा तो लहरीच्या रूपातच परत करतो. वरच्या एफ थरात हवा जवळजवळ नसतेच, तिथे हेच होतं आणि असंख्य इलेक्ट्रॉनांनी परत केलेल्या लहरींच्या बेरजेतून मूळ लहरीची वाट वाकते. डी थरात मात्र हवा त्या मानाने पुष्कळ. 80 किलोमीटर उंचीवर एक इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण दहा लाख वेळा आजूबाजूच्या रेणूंवर आदळतो. म्हणजे एक-दीड झोका पुरा होतो न होतो तोच धडक. दिवाळीच्या आदल्या दिवशी नागपुरातल्या बर्डी बाजारपेठेच्या मेन रोडवर कोणी हात हलवत ऐटीत चालायचं म्हटलं तर त्याचं जे होईल तेच इथे होतं. झोक्याची ऊर्जा रेणूंच्या धक्काबुक्कीत, अर्थात उष्णतेत जाते आणि लहर वर पोचण्याआधीच संपते. कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारे झोके, वाढली की झोका आखूड होतो आणि टकरींची कंप्रता लहरीपेक्षा बरीच कमी असेल तर शोषण कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. म्हणून शॉर्टवेव्ह भरदुपारीही डीमधून पार होते, मीडियम वेव्ह होत नाही.

सूर्य मावळला की डीला नवे इलेक्ट्रॉन पुरवणारं कोणी उरत नाही. तिथे दाटी असल्यामुळे इलेक्ट्रॉन आणि आयन चटकन एकमेकांना सापडतात, जोड्या जमतात आणि थोड्याच वेळात थर जवळपास नाहीसा होतो. एफमध्ये इतकं विरळ की जोडीदार भेटेस्तोवर रात्र सरते. त्यामुळे तो टिकून राहतो. खाणारा गेला, परतवणारा उरला. आता नकाशा बघा. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता ही चारही शहरं नागपूरपासून हवाई अंतराने साधारण 700 ते 1000 किलोमीटरवर आहेत, म्हणजे रात्रीच्या मीडियम वेव्हच्या एका उडीत येणारी. देशाच्या मध्याची खूण मानल्या जाणाऱ्या नागपूरच्या झीरो माईलचं कौतुक आपण फोटो काढण्यापुरतं करतो. त्या मध्यवर्तीपणाचा खरा उपयोग ट्रान्समीटरने केला.

घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर रात्री करून बघा. एलईडी बल्ब आणि मोबाईलचा चार्जर आधी बंद करा, नाहीतर त्यांची घरघरच ऐकू येईल. लांबचं एखादं केंद्र लावा आणि ट्रान्झिस्टर हळूहळू स्वतःभोवती फिरवा. एका दिशेला आवाज एकदम पडतो. आतल्या काळ्या फेराइट दांडीचं टोक तेव्हा केंद्राकडे असतं. आवाज मधेच चढतो-उतरतो, तेही सेटचा दोष नव्हे: आकाशातून वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात. खग्रास सूर्यग्रहणातही डी थर काही मिनिटं पातळ होतो आणि दिवसाढवळ्या लांबची केंद्रं लागू शकतात. ग्रहणात अन्नपाणी बंद ठेवून घरात बसणाऱ्यांनी निदान रेडिओ तरी लावावा.

एफएमची गोष्ट थोडक्यात आटोपते. 100 मेगाहर्ट्झची लहर आयनांबर भेदून सरळ अवकाशात निघून जाते, त्यामुळे टॉवर जेवढा उंच तेवढीच पोच, फार तर शहर आणि आसपासचे तालुके. शिवाय खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. टीव्हीने 36,000 किलोमीटरवरचा उपग्रह गाठला, तिथून सगळा देश एकदम दिसतो. जाऊन-येऊन पाव सेकंद लागतो.

आता अ‍ॅप. ट्रान्समीटरला एक माणूस ऐकतोय की एक कोटी, याने काडीचा फरक पडत नाही. वीजबिल तेवढंच. ऑनलाइन प्रसारणात मात्र प्रत्येक श्रोत्याला बातमीपत्राची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. 64 किलोबिटचा साधा आवाज धरला तर लाख श्रोत्यांना सेकंदाला 6.4 गिगाबिट. तोही काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि फोन दोन-तीन तुकडे साठवून मगच वाजवतो. म्हणून तर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर विकेट आधी पडते. बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचं असेल तर अ‍ॅपवरच्या नको.

प्रत वेगळी म्हणजे मोजदादही वेगळी. तुम्ही कोणती बातमी किती सेकंद ऐकून सोडली ते सर्व्हरला कळतं. रेडिओला ते कधीच कळलं नाही, म्हणून पावसाचा अंदाज आणि कापसाचे भाव कंटाळवाणे असूनही रोज वाचले जायचे. मोजता यायला लागल्यावर जे मोजणीत कमी भरतं ते मागे पडणारच. माझ्या मते बातम्यांच्या धंद्यात खरा बदल हा आहे, स्टुडिओतल्या आरडाओरड्यापेक्षाही मोठा. आणि कोणीही कोणालाही प्रत धाडू शकतो, त्याची फळं आपण चाखतोच: 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण येणार, मोबाईल लांब ठेवा' हा नासाचं नाव लावलेला मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वैश्विक किरण चोवीस तास येतात, त्यांना वेळापत्रक नसतं. असला मजकूर आकाशवाणीवर वाचायचा तर वाचणाऱ्याला आधी स्वतःचं नाव सांगावं लागलं असतं.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी लाखो स्वतंत्र प्रतींचा उपयोग नसतो, सगळ्यांना एकच हाक हवी असते. त्याच वर्षी देशाच्या वेगवेगळ्या भागांत असंख्य फोन एकदम कर्कश वाजून ज्या चाचण्या झाल्या, त्या सेल ब्रॉडकास्टच्या होत्या: मोबाईल टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकच संदेश एकदाच सोडतो, नंबर न विचारता. मोबाईलच्या जाळ्यात जुनी रेडिओची युक्ती मागच्या दाराने आली म्हणायची. 'डायरेक्ट टू मोबाईल'च्या चाचण्या चालू आहेत त्याही याच जातीच्या, आयआयटी कानपूर त्यात आहे. टीव्हीचे कार्यक्रम इंटरनेटशिवाय थेट फोनवर. त्याभोवती सध्या गाजावाजा फार आहे, कारण गोची सांगायला कोणाला आवडत नाही: त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते आणि ती बसवायला कंपन्या खुशीत नाहीत. एफएमचं हेच झालं. कित्येक फोनांत तो चालतच नाही, चालता ठेवा असं सरकारला 2023 मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं. ज्यांत आहे, त्यांतही बहुधा वायरचा इअरफोन खोचल्याशिवाय सुरू होत नाही, कारण ती वायर हीच त्याची अँटेना. आणि वायरचा इअरफोन मागितला की दुकानदार आधी ब्लूटूथवाले दहा दाखवतो.