ब्लॅक माउंटन की ब्लॅक माउंटन्स? वेल्समधल्या धारेवर जाण्याआधी

दोन्ही नावं दक्षिण वेल्समधल्या एकाच राष्ट्रीय उद्यानातली. दोन्हीकडे दिवसभराचा, बेताच्या दमछाकीचा, धारेवरून चालण्याचा ट्रेक होतो. घोळ होतो तो त्यामुळेच. तळ्यावर उभ्या ठाकलेल्या तांबूस कड्यांचा फोटो बघून बेत ठरतो आणि खोली बुक होते हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावात. ते तळं तिथून गाडीने तासाभराहून लांब आहे, उद्यानाच्या पार दुसऱ्या टोकाला.

एकवचनी ब्लॅक माउंटन पश्चिमेला, कारमार्दनशरच्या बाजूला. अनेकवचनी ब्लॅक माउंटन्स पूर्वेला, इंग्लंडच्या सीमेला खेटून. पेन अ व्हान हे 886 मीटरचं प्रसिद्ध शिखर या दोहोंच्या मधल्या भागात. 1957 साली झालेलं हे उद्यान आधी ब्रेकन बीकन्स होतं, 2023 पासून ते बानाय ब्रुखैनियॉग हे वेल्श नाव लावतं. कमी गोंधळ होता म्हणून की काय, पूर्वेच्या ब्लॅक माउंटन्समध्ये 703 मीटरचा एक उंचवटा आहे, त्याचंही नाव ब्लॅक माउंटन! तेव्हा नकाशा घेताना नाव सोडा, क्रमांक बघा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशांत पश्चिमेसाठी ओएल12 आणि पूर्वेसाठी ओएल13.

आता पश्चिमेची धार. लानदैसांत गावाच्या वर रस्ता संपतो तिथे गाडी लावायची. कच्च्या रस्त्याने ल्लिन अ व्हान व्हाख या तळ्यापर्यंत सरळ चढ. तळ्याचा बांध पहिल्या महायुद्धाच्या काळातला. लढायला नकार देणाऱ्यांनाही या कामावर जुंपलं होतं. त्याहून जुनी गोष्ट तळ्यातल्या बाईची. तिने गुराख्याशी लग्न केलं ते अटीवर: विनाकारण तीन फटके मारलेस तर मी परत जाईन. तीन झाले आणि ती आपली गुरंढोरं घेऊन पाण्यात निघून गेली. तिची मुलं म्हणजे मदव्हाय गावचे प्रसिद्ध वैद्य, असं सांगतात.

तळ्याच्या उजव्या अंगाने वर चढलं की कड्याची कड लागते, आणि मग ती सोडायची नाही. पिकूस दी (749 मी), तिथून खिंडीत उतार, पुन्हा चढ, व्हान व्हॉइल, आणि शेवटी व्हान ब्रुखैनियॉग, 802 मी. परत येताना कड्याच्या पायथ्याने. हा पूर्ण फेरा साधारण 15 किमी आणि 700 मीटर चढाचा.

आकडे बघून सह्याद्रीत मुरलेला माणूस हसेल. राजगडसुद्धा याहून उंच. पण इथे दमवतो तो वारा. एका बाजूला गवताळ, मंद उतार आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा, अशी या धारेची ठेवण. कडा उत्तरेकडे आणि पूर्वेकडे, तर वारा बहुधा नैऋत्येचा, म्हणजे तो तुम्हाला कड्याकडेच ढकलतो. वर झाड नाही, आडोसा नाही. जोराचा वारा असेल तर कडेपासून चांगलं वीस पावलं आत चाला, फोटो गेला तर गेला.

पूर्वेला सगळं वेगळं. लांबच लांब, रुंद पाठीच्या डोंगरसोंडा आणि त्यांच्यामध्ये खोल दऱ्या. तिथली सर्वांत उंच जागा वाइन फाख (811 मी) पश्चिमेच्या शिखरापेक्षाही उंच, पण माथा इतका सपाट की शिखर गाठल्यासारखं वाटतच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने ‘हे ब्लफ’ आणि ‘टुम्पा’ हे दोन डोंगर करावेत. हे ब्लफच्या पायथ्याशी गाडी लावायची, 677 मीटरच्या माथ्यावर चढायचं, कडेकडेने गॉस्पेल पास या 549 मीटरवरच्या खिंडीत उतरायचं आणि समोरचा टुम्पा (690 मी) चढायचा. सगळं मिळून 8 किमीच्या आसपास. दिवस मोठा हवा असेल तर हे ब्लफवरून दक्षिणेला हॅटरलची सोंड धरा. ऑफाज डाइक पाथ ही लांब पल्ल्याची पायवाट तिच्यावरूनच जाते, दलदलीच्या जागी फरशा टाकलेल्या आहेत. खाली दरीत लँथनीच्या मठाचे भग्न अवशेष.

वेळ काढायला नेस्मिथचा 1892 चा नियम अजून चालतो: 5 किमीला एक तास, शिवाय 600 मीटर चढाला एक तास. पश्चिमेचा फेरा त्या हिशेबाने सव्वाचार तासांचा, पण डबा, फोटो आणि धापा धरून सहा पकडा. हे ब्लफ-टुम्पा सव्वादोन तासांचं, निवांत केलं तरी साडेतीन. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पश्चिमेचा फेरा जूनसाठी ठेवलेला बरा.

माझं मत विचाराल तर आभाळ स्वच्छ, वारा कमी आणि गाडी हाताशी असेल तर पश्चिमच. नजारा तिकडे आहे आणि शांतताही. ढग खाली असले की पूर्व, कारण मधे गॉस्पेल पासचा डांबरी रस्ता लागतो आणि बेत अर्ध्यात मोडता येतो. गाडीच नसेल तर ट्रेनने ॲबर्गव्हेनीला उतरा. तिथून शुगर लोफ हा ब्लॅक माउंटन्सचाच 596 मीटरचा डोंगर पायी होतो. मेट ऑफिसचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज आदल्या संध्याकाळी बघा, गावातलं तापमान वर उपयोगाचं नाही. अडचण आलीच तर 999 लावून आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू.