हॅम रेडिओचा परवाना कसा काढायचा, आणि बँडमध्ये कुणी घुसलं तर तक्रार कशी करायची

सह्याद्रीतल्या एका माथ्यावर बसून मी हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ सेट, सुरू केला. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास कुणी हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारा, भेटतोय का, हे पाहायचं होतं. ऐकू आलं ते असं : "भात संपला, दुसरं पातेलं पाठव." खाली कुठेतरी लग्नाचा मांडव असणार. ऑनलाइन मागवलेले स्वस्त सेट, ज्या चॅनेलवर आले त्याच चॅनेलवर सुरू. त्या आचाऱ्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल की तो हौशी रेडिओच्या बँडमध्ये, म्हणजे हॅमसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात, बोलतोय.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर हौशी सेवेसाठी राखलेला आहे. पण राखीव म्हणजे कायमचा सुरक्षित नव्हे. २०१९ मध्ये फ्रान्सने तो विमानसेवेच्या कामासाठीही वापरता येईल का, हे तपासण्याचा प्रस्ताव युरोपातल्या दूरसंचार प्रशासनांपुढे ठेवला होता. इंटरनॅशनल अमॅच्युअर रेडिओ युनियन आणि देशोदेशीच्या संघटनांनी हरकत घेतली, तेव्हा तो मागे पडला. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर तर आपल्याकडे हॅमचा हक्क दुय्यम आहे. गावच्या गायरानासारखंच हे : गुरं चरताना दिसली नाहीत की कुंपणं सरकू लागतात. म्हणून परवानाधारक वाढणं, त्यांनी बँडवर बोलत राहणं, हाच राखणीचा पहिला उपाय.

परवाना देते दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखा. अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि वय किमान १२ वर्षं. म्हणजे सातवीतला मुलगाही परीक्षेला बसू शकतो. इंजिनिअरिंगची पदवी लागते हा निव्वळ गैरसमज आहे. श्रेणी दोन : रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींत रेडिओचं तंत्र आणि नियम यांची लेखी परीक्षा असते. ओहमचा नियम, अँटेना, लहरी कशा पसरतात, क्यू कोड (क्यू ने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप), असा अभ्यासक्रम. जनरलसाठी शिवाय मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने, घेताही आला पाहिजे आणि पाठवताही. मोर्सची धास्ती असेल तर आधी रिस्ट्रिक्टेड काढा. दोन मीटरवर, म्हणजे वरच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, बोलायला तेवढं पुरतं. जनरलवाल्यांची कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारी रेडिओवरची ओळख) साधारणपणे व्हीयू२ ने सुरू होते, रिस्ट्रिक्टेडची व्हीयू३ ने.

अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर भरायचा. परीक्षा वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनची केंद्रं घेतात. आपल्या जवळची म्हणजे मुंबई, नागपूर आणि गोवा. फोटो, सही, ओळखपत्र, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवा. अर्ज अडकतो तो बहुधा नावापाशी : दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव, ओळखपत्रावर नुसतं आद्याक्षर. हे आधी सारखं करून घ्या. पास झाल्यावर परवान्याचा अर्ज वेगळा करायचा, त्याला परीक्षेचं प्रमाणपत्र जोडायचं. सेट जिथे लावणार तोच पत्ता द्या. शुल्क २० वर्षांसाठी १००० रुपये, आजीवन २००० रुपये असं चालत आलं आहे. परवाना हाती येईपर्यंत सेट घेऊ नका. विनापरवाना सेट जवळ बाळगणंही कायद्याच्या कचाट्यात येतं. गच्चीवरच्या अँटेनासाठी सोसायटीची समजूत घालणं हा मात्र या सगळ्याहून अवघड पेपर, आणि त्याचा अभ्यासक्रम कुठेच छापलेला नाही.

आता घुसखोरीबद्दल. बँडमध्ये परका आवाज आला की पुष्कळजण माइक दाबून त्यालाच सुनावतात. तसं करू नका; तो ऐकत नाही आणि तुमचंच प्रक्षेपण नियमाबाहेर जातं. आधी खात्री करा की तो परवानाधारक नाही. कॉलसाइन न देता रोज धंद्याच्या गप्पा चालत असतील, तर शंका रास्त आहे. मग लॉगबुकात लिहा : तारीख, वेळ भारतीय आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दोन्ही, नेमकी फ्रिक्वेन्सी, मोड (एफएम, मोर्स वगैरे प्रकार), भाषा, सिग्नलची ताकद, तुम्ही कुठे होता. जमलं तर ध्वनिमुद्रण. दिशादर्शी अँटेना असेल तर सिग्नल कुठून येतो तेही. दोन ठिकाणच्या हॅमनी दिशा घेतल्या तर रेषा जिथे छेदतात तिथेच बहुधा सेट असतो. चार-पाच दिवसांच्या अशा नोंदी तुमच्या कॉलसाइन आणि परवान्याच्या प्रतीसह जवळच्या मॉनिटरिंग केंद्राला लेखी द्या, क्लबमार्फत दिल्यात तर उत्तम. "बँडवर फार गोंगाट आहे" एवढ्याच पत्रावर कुणीही काही करू शकत नाही.

लघुलहरींवरचा (शॉर्टवेव्हवरचा) घुसखोर बहुधा परदेशातला असतो. ७ मेगाहर्ट्झवर तसे पुष्कळ सापडतात. त्या नोंदी अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियाकडे, म्हणजे इंटरनॅशनल अमॅच्युअर रेडिओ युनियनच्या भारतातल्या सदस्य संघटनेकडे, द्या. आंतरराष्ट्रीय युनियनची देखरेख यंत्रणा त्यासाठीच आहे.

आणि मांडववाल्यांना भेटलात तर भांडू नका. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे, मान्यताप्राप्त, कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना वापरता येतात, एवढं सांगा. भाताचं पातेलं त्यावरही येतं.