सूक्ष्मतरंग विवर्धकाच्या दूरनियंत्रण आज्ञा व स्थितिसंकेत

संगणकावरून सूक्ष्मतरंग विवर्धक चालू-बंद करणे, त्याची लब्धी (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) बदलणे आणि त्याची स्थिती विचारणे यासाठी पाठवायच्या ठरावीक अक्षरक्रमांना आज्ञा म्हणतात. विवर्धक उत्तरादाखल पाठवतो ते आकडे म्हणजे स्थितिसंकेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः टीडब्ल्यूटी, म्हणजे प्रगामी तरंग नलिकेच्या (जिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत सूक्ष्मतरंगाला बळ देतो) विवर्धकांविषयी आहे.

या आज्ञांची वाहक जोडणी ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या मापन उपकरणांसाठी तयार केली. १९७५ मध्ये ती आयट्रिपलई-४८८ या नावाने प्रमाण झाली. युरोपीय आवृत्तीत २४ पिनांऐवजी २५ पिनांचा जोड होता. तो आरएस-२३२ या संगणकाच्या वेगळ्याच क्रमिक जोडणीच्या जोडासारखाच दिसे. तो मागे पडण्याचे हे एक कारण मानले जाते. तारा ठरल्या तरी त्यांवरून काय बोलायचे ते ठरले नव्हते. प्रत्येक उत्पादकाची बोली वेगळी. १९८७ च्या ४८८.२ प्रमाणाने सामाईक आज्ञा व स्थितिनोंदी आखून दिल्या आणि १९९० मध्ये एससीपीआय ही आज्ञाभाषा आली. तिचे मूळ ह्युलेट-पॅकार्डच्या टीएमएसएल भाषेत की टेक्ट्रॉनिक्सच्या एडीआयएफ या विदा-आराखड्यात (मोजमापांची माहिती मांडण्याच्या पद्धतीत), यावर भर वेगवेगळा दिला जातो. आज्ञांची झाडासारखी मांडणी पाहता व्याकरणाचे श्रेय टीएमएसएलला देणे अधिक योग्य वाटते. एडीआयएफचा वाटा विदेच्या मांडणीपुरता धरावा.

सामाईक आज्ञा ताऱ्याने सुरू होतात. ‘*आयडीएन?’ ओळख विचारते, ‘*ईएसआर?’ घटनानोंद वाचते, ‘*सीएलएस’ नोंदी व त्रुटींची रांग पुसते. घटनानोंद आठ बिटांची असून उत्तर बेरजेच्या रूपात येते : १ काम पूर्ण, ४ प्रश्नत्रुटी, ८ उपकरणत्रुटी, १६ अंमलत्रुटी, ३२ आज्ञात्रुटी, १२८ वीज नव्याने आली. समजा उत्तर ३६ आले, तर ते ३२ आणि ४. प्रश्नाच्या आज्ञेत अक्षर चुकले की विवर्धकाला ती कळत नाही (३२). नियंत्रक (आज्ञा पाठवणारा संगणक) तरी उत्तर वाचायला जातो आणि द्यायला काहीच नसते (४). त्रुटींची रांग वाचणारी ‘सिस्टम:एरर?’ दोनदा विचारल्यास अनुक्रमे -११३ (अनोळखी आज्ञा) व -४२० (अपुरा प्रश्न) मिळतात. दोष एकच, चुकलेले अक्षर. घटनानोंद वाचताच पुसली जाते, म्हणून दोन कार्यक्रमांनी एकच विवर्धक चाळू नये. एकाने वाचलेली त्रुटी दुसऱ्याला दिसतच नाही.

सतत विचारत बसण्यापेक्षा आरंभी ‘*सीएलएस’, मग ‘*ईएसई ६०’ (कोणत्या घटना कळवायच्या ते) आणि ‘*एसआरई ३२’ (त्या घटनांवरून विनंती उठवायची हे) पाठवावे. ६० म्हणजे ४, ८, १६ व ३२ या चारही त्रुटी. त्यांपैकी एखादी उद्‌भवली की विवर्धक स्वतः सेवा-विनंती (नियंत्रकाचे लक्ष वेधणारा संकेत) उठवतो आणि क्रमवार विचारणेत, म्हणजे नियंत्रक एकेका उपकरणाची स्थिती वाचतो तेव्हा, ९६ (६४ सेवा-विनंती + ३२ घटनानोंद) हा आकडा देतो.

नलिकेच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) तापायला काही मिनिटे लागतात. त्याआधी काही किलोव्होल्टचा उच्च दाब दिल्यास कॅथोडची हानी होते. म्हणून तापनकालात आलेली ‘कार्यरत’ आज्ञा बहुतेक विवर्धक नाकारतात. एससीपीआयप्रमाणे चालणाऱ्या उपकरणात याला साजेसा संकेत -२२१ (मांडणीशी विसंगत आज्ञा) आणि घटनानोंदीत १६. आज्ञा पुन्हापुन्हा पाठवू नये. विवर्धक ‘सज्ज’ झाला का तेवढे विचारावे.

हेलिक्स (झोताभोवतीची मळसूत्री तार) हिच्यातील प्रवाहाचा दोषसंकेत सर्वांत गंभीर. इलेक्ट्रॉनांचा झोत विस्कटला किंवा आत जाणारी शक्ती फाजील वाढली की झोताचा काही भाग हेलिक्सच्या बारीक तारेवर आदळतो आणि ती वितळू शकते. त्यामुळे संरक्षक मंडल तत्काळ उच्च दाब तोडते व दोष अडकवून ठेवते. ‘*सीएलएस’ने हा अडकाव सुटत नाही, ती फक्त नोंदी पुसते. त्यासाठी उत्पादकाची वेगळी पूर्वस्थिती-आज्ञा असते. ती देण्याआधी आत जाणारी शक्ती कमी करावी आणि परावर्तित शक्ती (बाहेरून उलट परतणारी) वाचावी. ती जास्त असेल, तर निर्गमाकडील तरंगमार्गाचे जोड व भार तपासावेत. अतितापाच्या संकेतात पंख्याची जाळी आधी पाहावी. इंटरलॉकचा (झाकण वा जोड नीट नसल्यास विवर्धक रोखणाऱ्या सुरक्षा-कळीचा) संकेत बहुधा सैल झाकणाचा किंवा मागच्या जोडात राहून गेलेल्या तारेचा असतो.

एका जोडणीवर नियंत्रकासह १५ उपकरणे बसतात. केबल प्रत्येक उपकरणामागे २ मी. व एकूण २० मी. याहून लांब नसावी. नव्या विवर्धकांत याच आज्ञा इथरनेटवरूनही जातात.

विवर्धक चालू केल्यावर पहिल्या वाचनात येणारे १२८ हा बिघाड नव्हे. मात्र काम चालू असताना मध्येच १२८ दिसले, तर वीज जाऊन परत आली असे समजावे, सगळी मांडणी नव्याने पाठवावी आणि तापनकाल पहिल्यापासून मोजावा.