भूल चढते तेव्हा मेंदूत काय घडतं?

"आता तुम्हाला छान झोप लागेल," असं भूलतज्ज्ञ म्हणतात ते धीर द्यायला. शास्त्र म्हणून ते खरं नाही. झोपलेल्या माणसाला टाचणी टोचली तर तो दचकून उठतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाचं पोट उघडलं तरी तो उठत नाही. झोपेत मेंदू रात्रभर एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जात-येत असतो. भुलीत मात्र औषध चालू असेपर्यंत तो दबलेलाच राहतो. झोपेपेक्षा ही अवस्था कोमाच्या जास्त जवळची आहे. फक्त हा कोमा मुद्दाम आणलेला असतो आणि औषध थांबवलं की ओसरतो.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्यांनी ईथर हुंगवून एका रुग्णाला जाहीरपणे भूल दिली आणि त्याच्या मानेवरची गाठ काढली गेली. उपाय सापडला, पण तो चालतो कसा याचं उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षं लागली. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी तर लाजाळूलाही ईथर दिलं. तिची पानं स्पर्शाने मिटेनाशी झाली आणि मोकळ्या हवेत आणल्यावर पुन्हा मिटू लागली. ज्या वनस्पतीला मेंदूच नाही तिच्यावरही परिणाम होतो, म्हणजे हे औषध पेशींमधल्या एखाद्या अगदी मूलभूत गोष्टीवर काम करत असणार, असं वाटणं साहजिक होतं.

ती गोष्ट म्हणजे पेशीभोवतीचं स्निग्ध आवरण, असा अंदाज पुढे आला. हान्स मायर आणि चार्ल्स ओव्हर्टन यांना १९०० च्या आसपास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असं आढळलं की ऑलिव्ह तेलात जे औषध जास्त विरघळतं ते भुलीसाठी जास्त प्रभावी ठरतं. नियम इतका देखणा होता की कित्येक दशकं त्याच्यावर फारशी शंका घेतली गेली नाही. मग अडचणी निघाल्या. एटोमिडेट या औषधाच्या रेणूची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. तेलात दोन्ही सारखीच विरघळतात, पण भूल देण्यात एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी जोरदार आहे. तेलाला डावं-उजवं कळत नाही, प्रथिनाला कळतं. १९८४ मध्ये निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी लंडनमध्ये काजव्याचं प्रकाश पाडणारं प्रथिन घेतलं. त्यात स्निग्धांशाचा मागमूस नव्हता, तरी भुलीच्या औषधांनी त्याचं काम थांबलं.

तेव्हा शोध प्रथिनांकडे वळला. मेंदूत चेतापेशींना आवर घालणारं गाबा नावाचं एक रसायन असतं. ते पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटलं की त्यातला मार्ग उघडतो, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशीला संदेश सोडणं अवघड होतं. शिरेतून दिली जाणारी प्रोपोफॉल आणि एटोमिडेट ही औषधं, तसेच सेव्होफ्लुरेनसारखे हुंगवायचे वायू याच प्रथिनाच्या खाचांत बसून गाबाचा परिणाम वाढवतात. या प्रथिनाच्या एका घटकातलं २६५ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले, तर त्यांच्यावर प्रोपोफॉल आणि एटोमिडेट फारसं चालेना. शेकडो अमिनो आम्लांपैकी एक! (तेलात विरघळण्याचा गुण अगदीच वाया गेला नाही. त्यामुळेच औषध रक्तातून मेंदूत झटकन उतरतं.)

पेशीपातळीवर हे कळलं, तरी शुद्ध हरपते कशी हा प्रश्न उरतोच. मेंदूच्या बुंध्यातली जागं ठेवणारी केंद्रं दबतात. त्याच भागात श्वासाचं नियंत्रणही असतं, म्हणून बऱ्याचदा नळी घालून श्वास द्यावा लागतो. पण मला सगळ्यात उद्बोधक वाटतं ते मेंदूच्या बाह्यभागात घडणारं. प्रोपोफॉल दिल्यावर तिथे सेकंदाला एकाहूनही कमी वेगाच्या संथ लहरी उठतात आणि पेशी काही क्षण गप्प, काही क्षण जाग्या अशा होत राहतात. गावोगावी वेगवेगळ्या वेळी भारनियमन असावं, तसे मेंदूचे भाग वेगवेगळ्या वेळी गप्प होतात. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकत नसतो. कानावर पडलेला आवाज श्रवणाच्या पहिल्या थांब्यापर्यंत पोहोचतो, पुढे त्याचा अर्थ लागत नाही.

केटामाइन नावाचं भुलीचं औषध मात्र हे सगळं गणित बिघडवतं. ते मुख्यतः एनएमडीए ग्राहींना, म्हणजे चेतापेशींवरच्या उत्तेजक संदेश घेणाऱ्या प्रथिनांना, अडवतं, आणि मेंदू मंदावण्याऐवजी उलट खळबळतो. रुग्ण डोळे उघडे ठेवूनही प्रतिसाद देत नाही. इटलीतल्या मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या गटाने मेंदूला बाहेरून चुंबकीय ठोका देऊन त्याचे पडसाद मोजले. प्रोपोफॉल आणि झेनॉन या भूल देणाऱ्या वायूखाली ते साधे आणि लवकर विरणारे होते. केटामाइनखाली मात्र ते जागेपणासारखेच गुंतागुंतीचे निघाले, आणि उठल्यावर त्या लोकांनी स्पष्ट स्वप्नं सांगितली. म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंध तुटणं आणि आतला अनुभव थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मृती न उरणं ही तिसरी.

याचा व्यवहारात त्रास असा, की मेंदूच्या लहरींवरून भुलीची खोली आकड्यात सांगणारे मॉनिटर केटामाइन दिल्यावर रुग्ण जागा होत असल्यासारखा चढा आकडा दाखवू शकतात. भूलतज्ज्ञ त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबत नाहीत. कोणतं औषध किती दिलंय, नाडी किती, रक्तदाब किती, हे सगळं धरूनच तो आकडा वाचतात.