धमनीविस्फार आणि अंतर्गळ

शरीरातली एखादी भिंत आतल्या दाबापुढे कमी पडली की हे दोन विकार उद्भवतात. धमनीविस्फारात (अ‍ॅन्युरिझम) धमनीची भिंतच फुग्यासारखी फुगते. अंतर्गळात (हर्निया) स्नायूंच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर सरकते.

पोटातली महाधमनी साधारण 2 सेंमी रुंद असते. 3 सेंमीच्या पुढे गेली की तिला विस्फार म्हणतात. धूम्रपान, उच्च रक्तदाब, वाढते वय आणि आनुवंशिकता ही मुख्य कारणे. धमनी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त, आणि ताणाने ती आणखी ताणली जाते. म्हणूनच 5.5 सेंमीच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत तो सापडतो. फुटला तर मात्र पोटात-पाठीत असह्य कळ येते आणि रुग्ण काही मिनिटांत कोसळू शकतो. मेंदूतला विस्फार फुटला की क्षणात, पूर्वी कधीच झाली नव्हती अशी डोकेदुखी उठते. आल्बर्ट आइनस्टाइन यांच्या महाधमनीतील विस्फारावर 1948 मध्ये सेलोफेन गुंडाळले होते. 1955 मध्ये तो फुटून त्यांचे निधन झाले. आज धमनीच्या आतून कृत्रिम नळी बसवता येते.

अंतर्गळ बहुधा दिसतो. जांघेत हात ठेवून खोकले की बोटांना धक्का लागतो, आडवे झाले की गाठ आत जाते. पुरुषांमध्ये तो अधिक, कारण गर्भावस्थेत वृषण ज्या वाटेने खाली उतरतात ती जागा कायमची नाजूक राहते. जुना खोकला, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा, गर्भारपण, आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण यांनी भर पडते. येथे धोका गाठीच्या आकारावरून ठरत नाही. ती ज्या छिद्रातून बाहेर येते ते किती अरुंद आहे, हे महत्त्वाचे. मोठी, सैल गाठ वर्षानुवर्षे निभावते. लहानशी गाठ अडकली की आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये: काही तासांत आतडे सडू लागते. स्त्रियांमध्ये मांडीच्या वरच्या भागातला अंतर्गळ असाच फसवा असतो. पट्टा बांधल्याने गाठ दबते, छिद्र बुजत नाही. ते शिवून किंवा जाळी बसवूनच बंद करावे लागते. तान्ह्या बाळाच्या बेंबीचा अंतर्गळ याला अपवाद. तो बहुधा पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतो.