‘शार्प’ या शब्दाचा घोळ

फोटो अचूक हवा की बोलका, हा वाद सांगलीत पुन्हा पेटला तो २०१९ च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली होती. पुढे पुराच्या फोटोंचे एक छोटे प्रदर्शन भरले, तेव्हा बोटीतल्या एका म्हातारीचा फोटो निवडीत बाद झाला. डोक्यावर पोत्याची खोळ, पोटाशी शेरडू आणि चेहरा हललेला. शेरा एवढाच : शार्प नाही.

या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. फोकस चुकला की मागची भिंत स्पष्ट येते आणि माणूस पुसट. हात हलला की सगळी चौकटच एका बाजूला ओढल्यासारखी दिसते. आणि माणूस हलला, तर तेवढा माणूसच पुसटतो, बाकी सगळे जागच्या जागी. पहिल्या दोन चुका फोटोग्राफरच्या. तिसरीला चूक म्हणायचे का, यावरच घोडे अडते. तो फोटो त्याच बोटीतून काढलेला. बोटीची कड, दोर, शेरडाची पाठ लख्ख होती. म्हातारीने फक्त मान वळवली होती, घराकडे. पावसाळी उजेडात कॅमेऱ्याचे शटर १/१५ सेकंद उघडे राहिले, की ती तशीच उमटणार. माझ्या मते तो बाद व्हायला नको होता.

परीक्षकांची ही शिस्त रोलच्या काळातली. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि तो धुऊन येईपर्यंत काय मिळाले ते कळत नसे. अंतरपाट दूर होतानाचा फोटो हलला, तर वधूपित्याला काय सांगणार? त्याआधीच्या स्टुडिओत तर गिऱ्हाइकाला श्वास रोखून बसवत. गंमत म्हणजे, एवढ्या नेमाने घेतलेल्या निगेटिव्हवर मग टोकदार पेन्सिलने देवीचे व्रण बुजवत.

बाहेर हे भांडण जुनेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रासारखे धूसर फोटो मुद्दाम काढणारे होते. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने भिंगाचे छिद्र बारीक ठेवून सारे काही लख्ख दाखवण्याचा हट्ट धरला. आपल्याकडे हट्ट तेवढा पोचला.

आता मोबाईलचा पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी हिशेबाने धूसर करतो आणि कधी बटा, कधी फेट्याचा तुराही त्यात गिळतो. त्याच प्रदर्शनात लागलेल्या एका फोटोत नावाड्याच्या हातातले वल्हे मध्येच नाहीसे झाले होते. त्यावर मात्र शेरा नव्हता.